उत्पन्न दोघांचे, कागद एकाचा

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी मधल्या सुटीत माझी एक सहकारी शिक्षिका माझ्याशेजारी येऊन बसली. तिने पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला, तो माझ्यापुढे ठेवला आणि आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून घेऊन म्हणाली, “बाई, हे जरा वाचता का? शब्द कळतात, पण अर्थ कळत नाही.”

कागद प्राप्तिकर खात्याचा होता. ती नोटीस नव्हती, विचारणा होती. तुमच्या पतीने आपल्या विवरणपत्रात घरभाड्याचे व व्याजाचे निम्मे उत्पन्न तुमच्या नावे दाखविले आहे. तुमच्या विवरणपत्रात मात्र ते आढळत नाही. याचा खुलासा करावा, असा त्याचा आशय होता. ही बाई सहा वर्षांपासून पतीपासून वेगळी, आपल्या आईच्या घरी राहते. घटस्फोट नाही, न्यायालयाचा हुकूम नाही. दोन घरे झाली आहेत, एवढेच. त्या सहा वर्षांत पतीच्या घरभाड्यातला एक पैसाही तिने पाहिलेला नव्हता. “जे मला मिळालेच नाही, त्यावर कर कसला?” तिने विचारले. प्रश्न साधा होता आणि रास्त होता. पण त्याचे उत्तर साधे नव्हते.

मी वकील नाही, हिशेबतपासनीसही नाही. मुलांना व्याकरण शिकविणारी शिक्षिका आहे. परंतु त्या दिवसापासून तिच्याबरोबर दोन-तीन कचेऱ्यांच्या पायऱ्या मी चढले, काही जाणत्या माणसांना विचारले, कायद्याची पाने चाळली. त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवावे, असे वाटले. कारण तिची अडचण एकटीची नाही. घटस्फोटाची कल्पना मनाला न पटणारी कित्येक जोडपी, आम्हा ख्रिस्ती समाजात तर विशेषच, वर्षानुवर्षे वेगळी राहतात. घर वेगळे होते, चूल वेगळी होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांची मालमत्ता एकच राहते. गोव्यात तर ती हमखास एकच राहते.

याचे कारण दीडशे वर्षांमागे आहे. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० च्या जुलैपासून गोव्यात लागू झाली. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, तरी १९६२ च्या कायद्याने ही संहिता तशीच चालू ठेवली. पुढे खुद्द पोर्तुगालने १९६७ मध्ये नवी संहिता अमलात आणली. गोव्यात मात्र विवाह आणि मालमत्ता यांबाबतची जुनी चौकट टिकून राहिली. या संहितेप्रमाणे, मोजके अपवाद सोडले तर धर्म कोणताही असो, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नींची मालमत्ता समाईक होते. विवाहापूर्वीची आणि नंतरची, कमावलेली आणि वारशाने आलेली, सारी एका राशीत जमा होते आणि त्या राशीत दोघांचाही निम्मा हिस्सा असतो. वेगळी पद्धत हवी असेल तर तसा करार लग्नाआधीच करावा लागतो. लग्नानंतर तो करता येत नाही. आपल्या आजीपणजींनी या पद्धतीचे पोर्तुगीज नाव कधी उच्चारले नसेल. पण घर विकायचे तर दोघांची सही लागते, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता प्राप्तिकराकडे वळू. भारतात पती-पत्नींनी मिळून एकच विवरणपत्र भरण्याची सोय नाही. प्रत्येकाचे विवरणपत्र निराळे. मग ज्यांची मालमत्ताच समाईक आहे, त्यांचे उत्पन्न कोणाचे धरावे? हा वाद गोव्यात पुष्कळ वर्षे चालला. अखेर १९९४ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ‘कलम ५-अ’ घालण्यात आले आणि ते १ एप्रिल १९६३ पासूनच लागू असल्याचे धरण्यात आले. गंमत अशी की, या कलमात संहितेचे वर्ष १८६० असे छापले गेले. कायदा करणाऱ्यांच्या हातूनही शुद्धलेखनाच्या वहीतल्यासारख्या चुका होतात, हे पाहून शिक्षकाला थोडे समाधान वाटते! असो. २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, त्यातही ही व्यवस्था पुढे चालू ठेवली आहे.

व्यवस्था अशी: पगार ज्याने कमावला त्याच्याच नावे धरावयाचा. परंतु घरभाडे, धंद्याचा नफा, मालमत्ता विकून झालेला लाभ, बँकेचे व्याज इत्यादी इतर सर्व उत्पन्न पती आणि पत्नी यांच्यात समसमान वाटून प्रत्येकाच्या विवरणपत्रात निम्मे निम्मे दाखवावयाचे. यासाठी विवरणपत्राच्या नमुन्यांत ‘अनुसूची ५-अ’ नावाचे एक स्वतंत्र पान असते. त्यात जोडीदाराचे नाव, त्याचा पॅन क्रमांक, कोणत्या सदराखाली किती उत्पन्न झाले, त्यातले किती जोडीदाराच्या वाट्याला लावले आणि कापल्या गेलेल्या करातला किती वाटा त्याला गेला, हे सारे लिहावे लागते.

उदाहरण घेऊ म्हणजे स्पष्ट होईल. समजा, पतीच्या नावावर एक दुकानाची इमारत आहे आणि तिचे वर्षाचे भाडे ३,६०,००० रुपये येते. पालिकेचा कर तूर्त बाजूला ठेवू. भाड्यातून दुरुस्ती वगैरेसाठी कायद्याने ३० टक्के वजावट मिळते, म्हणजे १,०८,००० रुपये गेले, उरले २,५२,०००. यातले १,२६,००० पतीचे आणि १,२६,००० पत्नीचे. त्याच पतीला बँकेतील ठेवीवर १,२०,००० रुपये व्याज मिळाले आणि बँकेने १० टक्के दराने १२,००० रुपये कर आधीच कापून घेतला. तर पत्नीच्या विवरणपत्रात ६०,००० रुपये व्याज यावयास हवे आणि कापलेल्या करातले ६,००० रुपयेही तिच्याच खात्यात जमा धरावयास हवेत. एकूण १,८६,००० रुपयांचे उत्पन्न तिच्या पगारात मिळवावे लागेल. ते पैसे तिच्या हाती आले की नाही, हे कलम विचारीत नाही. दोघे एका छपराखाली राहतात की दोन, हेही विचारीत नाही. जोवर समाईकता टिकून आहे, तोवर निम्मे उत्पन्न तिचे. आणि निम्मे उत्पन्न तिचे म्हणून त्यावरचा करही तिचाच.

माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते. ते ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बरे, भरीन. पण किती भरायचे ते तर कळायला हवे! त्यांनी काय लिहिले आहे, ते मला दाखवणार कोण?”

श्रोतेहो, खरी अडचण येथे आहे. उत्पन्नाचा निम्मा वाटा कायद्याने तिच्या पदरात टाकला, करही तिच्या माथी मारला. पण ज्या कागदावर ते आकडे लिहिले आहेत तो कागद मात्र पतीचा खासगी कागद ठरला. खात्याकडे जाऊन “माझ्या पतीच्या विवरणपत्राची प्रत द्या” असे म्हटले, तर ते देत नाहीत. कारण प्रत्येक करदात्याची माहिती गोपनीय आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, त्याखाली अर्ज करावा, असे पुष्कळांना वाटते. परंतु २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, विवरणपत्रातील तपशील ही व्यक्तिगत माहिती असून व्यापक लोकहित दाखविल्यावाचून ती देता येणार नाही. २०२० च्या नोव्हेंबरात केंद्रीय माहिती आयोगाने एका पत्नीला पतीच्या एकूण उत्पन्नाचा नुसता आकडा देण्याचा आदेश दिला. विवरणपत्राची प्रत मात्र नाकारली. पुढे व्यक्तिगत विदा-संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहितीच्या अधिकारातील व्यक्तिगत माहितीचे कलम अधिक कडक केले आणि तो बदल २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आला. तेव्हा या दारावर फार काळ थाप मारीत बसण्यात अर्थ नाही.

येथे क्षणभर दूरच्या एका देशाकडे पाहू. कारण त्याची गोष्ट आपल्या गोष्टीशी चुलतनात्याने जोडलेली आहे. आपल्यापैकी अनेकांची भावंडे, मुले अमेरिकेत आहेत. तेथे पती-पत्नींना एकच संयुक्त विवरणपत्र भरता येते. ही सोय आली कोठून? टेक्सास, कॅलिफोर्निया यांसारख्या काही राज्यांत स्पेनच्या जुन्या कायद्यातून आलेली समाईक मालमत्तेची पद्धत होती. आपल्या पोर्तुगीज पद्धतीची ती जणू शेजारीणच. १९३० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा राज्यांत पतीच्या कमाईतील निम्मा भाग पत्नीचाच असल्याने दोघांनी निम्मे निम्मे दाखवावे. त्यामुळे त्या राज्यांतल्या कुटुंबांचा कर कमी होऊ लागला आणि इतर राज्ये कुरकुरू लागली. शेवटी १९४८ मध्ये अशी वाटणी करून संयुक्त विवरणपत्र भरण्याची सवलत साऱ्या देशातील विवाहितांना देण्यात आली.

त्या संयुक्त विवरणपत्राचा नियम मोठा स्पष्ट आहे. दोघांच्या सह्या असतात, म्हणून दोघेही संपूर्ण कराला जबाबदार असतात. पुढे घटस्फोट झाला तरी त्या वर्षांची जबाबदारी सुटत नाही. पण जबाबदारी दोघांची, म्हणून प्रतही दोघांची. विभक्त झालेल्या पत्नीला पतीची मनधरणी करावी लागत नाही. ती एकटीच्या सहीने सरकारी कर कचेरीकडे अर्ज करते. नोंदींचा उतारा विनामूल्य मिळतो आणि संपूर्ण विवरणपत्राची प्रत हवी असल्यास ठरावीक शुल्क भरून मिळते. पतीच्या परवानगीची गरज नाही, कारण तो कागद तिचाही आहे. जोडीदाराने तिच्या नकळत काही लपविले असेल, तर तिला करातून सूट मागण्याचीही वाट आहे. तुमची कन्या किंवा भाची तेथे अशा प्रसंगात सापडली असेल, तर तिला एवढे अवश्य कळवा की, “तो कागद देत नाही” या वाक्यापाशी तिने थांबू नये.

आपल्याकडे नियम उलटा आहे. कागद दोन, उत्पन्न एक. म्हणून आपल्याला अधिक सावध राहावयास हवे. काय करता येईल, ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, आपला स्वतःचा कागद आपल्या हाती घ्यावा. हे ऐकून हसू नका. माझ्या मैत्रिणीच्या प्रकरणात पहिला धक्का येथेच बसला. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर तिचे खाते होते, पण त्याचा परवलीचा शब्द तिला ठाऊक नव्हता; भ्रमणध्वनीचा क्रमांक पतीच्या हिशेबनिसाचा होता. आधारच्या साहाय्याने तिने नवा परवलीचा शब्द घेतला, स्वतःचा क्रमांक घातला आणि जुनी विवरणपत्रे उघडली. एकत्र राहत असतानाच्या चार वर्षांची विवरणपत्रे तेथे तिच्या नावाने रीतसर भरलेली होती! “ही मी कधी भरली?” ती म्हणाली. मग तिला आठवले. दर जुलै महिन्यात पतीचा फोन येई, “तुझ्याकडे एक आकडा आला असेल, तो सांग.” ही वर्गात असे, घाईत असे, आकडा वाचून दाखवी. तो सहा अंकी आकडा हीच तिची सही होती. कागदावर अंगठा उठविणाऱ्या निरक्षर बाईची आपण कीव करतो. आणि पदवीधर शिक्षिका न वाचता चार वर्षे सही करीत आली होती.

त्या चार विवरणपत्रांनी तिचे एक काम मात्र सोपे केले. त्यांत पतीच्या कोणत्या इमारतीचे किती भाडे येते, ठेवी कोणत्या बँकेत आहेत, हे निम्म्या वाट्याच्या रूपाने नोंदलेले होते. तिला ज्या माहितीसाठी दारोदार फिरावे लागणार होते, तिचा आरंभ तिच्याच खात्यात होता. म्हणून सांगते, आपल्या नावे भरलेले प्रत्येक विवरणपत्र, त्याची पोच आणि वार्षिक माहितीचे विवरण आपण उतरवून घ्यावे आणि छापून जपावे. यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट, जोडीदाराकडे लेखी मागावे. तोंडी निरोपाची पोच नसते. पत्र छोटे असावे, त्यात जुने हिशेब उकरू नयेत. अमुक वर्षांचे भाड्याचे, व्याजाचे व इतर उत्पन्नाचे आकडे आणि अनुसूची ५-अ ची प्रत मला विवरणपत्र भरण्यासाठी हवी आहे, एवढेच लिहावे. स्पीड पोस्टाने पाठवावे, पोच जपावी. उत्तर येईल किंवा न येईल. न आले तरी ‘मी विचारले होते’ याचा पुरावा आपल्याजवळ राहतो. माझ्या मैत्रिणीने दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही.

तिसरी गोष्ट, खात्याच्या पत्राला मुदतीत उत्तर द्यावे. भीतीने कागद कपाटात ठेवून देणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे. आपण विभक्त राहतो, आपल्याला आकडे मिळालेले नाहीत, मागितल्याची ही पोच, असे स्वच्छ लिहावे. जोडीदाराकडून किंवा बँकेकडून माहिती मागविण्याचा अधिकार करनिर्धारण अधिकाऱ्याला आहे. तो त्याने वापरावा, अशी विनंती त्याच पत्रात करता येते. १९६१ च्या कायद्यात आणखीही एक अरुंद वाट होती. वरिष्ठ आयुक्तांकडे ठरावीक नमुन्यात अर्ज केल्यास आणि लोकहिताचे आहे असे त्यांना वाटल्यास, दुसऱ्या करदात्याविषयी माहिती ते देऊ शकत. पण ते त्यांच्या मर्जीवर होते. आपला हक्क म्हणून नव्हे.

चौथी गोष्ट, आणि हीच खरी मोठी वाट, ती न्यायालयाची. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याने विवरणपत्रे न्यायालयापुढे मागविण्यासही बंदी केली होती आणि १९६१ च्या कायद्यातही आरंभी ती होती. १ एप्रिल १९६४ पासून ती बंदी उठली. म्हणजे जो कागद खाते आपल्याला देत नाही, तो न्यायालय मागवू शकते. पोटगीच्या प्रकरणात तर ४ नोव्हेंबर २०२० च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र दाखल करणे बंधनकारक केले आहे. दोन्ही पक्षांना, हे लक्षात घ्या. मागणाऱ्या पत्नीलाही आपले उत्पन्न झाकता येत नाही. माझ्या मैत्रिणीला स्वतःसाठी काही नको होते. मुलाच्या शिक्षणाच्या खर्चासाठी तिने अर्ज केला. त्या कामात पतीचे शपथपत्र आले, त्याला तीन वर्षांच्या विवरणपत्रांच्या प्रती जोडलेल्या होत्या. सहा महिने ज्या कागदासाठी ती झुरली, तो एका दुपारी तिच्या वकिलाच्या टेबलावर येऊन पडला.

पाचवी गोष्ट, विवरणपत्र हाच एक पुरावा नव्हे. इमारत कोणाच्या नावे आहे, ती कोणत्या कराराने भाड्याने दिली आहे, हे दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील नोंदलेल्या दस्तांवरून कळते आणि त्यांच्या प्रमाणित प्रती मिळतात. गोव्यात जमिनीच्या नोंदीचा नमुना १ व १४ कोणालाही पाहता येतो. आपल्या विवाहाच्या नोंदीची प्रत आणि विवाहपूर्व करार झाला असल्यास त्याचीही प्रत जवळ असावी. कारण तसा करार असेल, तर समाईकतेचा हा सारा प्रश्नच वेगळा होतो.

आता विलंबाविषयी दोन शब्द. राहून गेलेले उत्पन्न नंतर दाखविण्यासाठी २०२२ पासून ‘अद्ययावत विवरणपत्रा’ची सोय झाली आहे आणि २०२५ मध्ये तिची मुदत ४८ महिन्यांपर्यंत वाढविली आहे. परंतु ती फुकट नाही. देय कर आणि व्याज यांच्यावर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के जादा कर द्यावा लागतो. २४ महिन्यांपर्यंत तो ५० टक्के, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के होतो. म्हणजे एकाने कागद अडवून ठेवला की दुसऱ्याच्या देण्यात भर पडत जाते. पतीने प्रत न देणे हा कदाचित त्याच्या लेखी नुसता अबोला असेल. पत्नीच्या लेखी त्या अबोल्याची किंमत दरवर्षी वाढत जाणारी आहे. हे जे सांगितले ते पत्नीलाच लागू आहे असेही नाही. भाड्याची घरे पत्नीच्या माहेरून आलेली असतील आणि पती पगारावर जगणारा असेल, तर तोच प्रश्न उलट दिशेने उभा राहतो.

मग हे केव्हा संपते? नुसते वेगळे राहिल्याने संपत नाही, हे आपण पाहिले. घटस्फोटाने किंवा न्यायालयाने व्यक्ती आणि मालमत्ता विभक्त केल्याचा हुकूम दिल्यानेच समाईकता संपुष्टात येते. जोडीदाराच्या गैरकारभाराने आपला वाटा बुडण्याची भीती असेल, तर विवाह तसाच ठेवून केवळ मालमत्ता विभक्त करून मागण्याची तरतूदही जुन्या संहितेत आहे. ज्यांना घटस्फोट नको आहे अशांनी ती जाणकार वकिलाकडून अवश्य समजावून घ्यावी. समाईकता संपली की मालमत्तेची यादी होऊन वाटणी होते. आणि तेव्हा या जुन्या विवरणपत्रांची किंमत पुन्हा कळते. इतकी वर्षे अमुक इमारतीचे भाडे येत होते, अमुक ठेव होती, हे त्यांत जोडीदाराने स्वतःच लिहून दिलेले असते.

बेळगाव, कारवार, पुणे किंवा वडोदरा येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेले काही मूळचे गोमंतकीय श्रोतेही हे भाषण ऐकत असतील. आपण गोव्याबाहेर आहोत, आपल्याला याचे काय, असे त्यांनी झटकन म्हणू नये. गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीच्या भारतातील कोठल्याही मिळकतीच्या वारशाला गोव्याचीच संहिता लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी ठरविले आहे. त्यावरून एवढे दिसते की, ही संहिता राज्याच्या सीमेवर आपल्याला सोडून परत फिरत नाही. आपला विवाह कोणत्या पद्धतीत मोडतो, हे एकदा विचारून घेतलेले बरे.

माझ्या मैत्रिणीने शेवटी तीनही वर्षांची अद्ययावत विवरणपत्रे भरली. निम्मे भाडे आणि निम्मे व्याज दाखविले, कापलेल्या करातला आपला वाटा जमा धरला, जादा कर भरला. तो भरताना तिला वाईट वाटले, हे मी लपवीत नाही. तिच्या पगाराच्या मानाने रक्कम लहान नव्हती. ती रक्कमही पोटगीच्या हिशेबात धरावी, असा अर्ज तिच्या वकिलाने दिला आहे. त्याचा निकाल अजून लागावयाचा आहे. पण त्या दिवशी घरी परतताना ती एक गोष्ट म्हणाली, ती मला महत्त्वाची वाटते. ती म्हणाली, “बाई, कर भरला याचे दुःख नाही. माझे निम्मे आहे, हे मला सरकारच्या पत्रातून कळावे, याचे दुःख आहे.”

श्रोतेहो, पती-पत्नींमधले सूर जुळेनासे झाले, तर ते बाहेरच्या माणसाने बोलून जुळत नाहीत आणि तो आजचा विषयही नाही. परंतु ज्यांना एकमेकांचे तोंड पाहवत नाही, अशा दोन माणसांनाही वर्षातून एकदा एका पाकिटात चार कागद घालून पाठविता येतात. त्याने कोणाचा पराभव होत नाही. जो देणारा आहे त्याने ते मागण्याआधीच पाठवावेत. आणि जिला किंवा ज्याला ते मिळालेले नाहीत, त्याने संकोच न करता मागावेत. उपकार म्हणून नव्हे, निम्म्याचा धनी म्हणून.

तसेच ज्यांचे संसार सुखाने चालले आहेत त्यांनाही एक विनंती. येत्या जुलैत घरातली विवरणपत्रे भरली जातील, तेव्हा “आकडा सांग” एवढ्यावर थांबू नका. दोघांनी मिळून ती एकदा वाचा. वाचायला अर्धा तास लागेल. माझी मैत्रीण आता दरवर्षी तो अर्धा तास काढते. आणि आकडा आला की तो कोणालाही न सांगता स्वतःच भरते.